नशिबाचा हिशेब मांडणारे गणिती : दामोदर कोसंबी

नाणे उडवले तर छापा पडेल की काटा, हे आधी कोणालाही सांगता येत नाही. पण तेच नाणे हजार वेळा उडवले, तर सुमारे पाचशे वेळा छापा पडेल, हे मात्र खात्रीने सांगता येते. एका वेळी जे कळत नाही, ते अनेक वेळांच्या बेरजेत कळू लागते. गणिताच्या ज्या शाखेत याचा विचार होतो, तिला मराठीत संभाव्यता म्हणतात. उर्दूच्या गणितात तुम्ही तिलाच एहतेमाल म्हणता.

या शाखेचा जन्म जुगाराच्या पटावर झाला. पण तिचा खरा उपयोग झाला तो जुगाराच्या बाहेर. आपल्या देशात हा उपयोग ज्यांनी करून दाखवला, त्यांमध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आदराने घेतले जाते.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित होते. ज्ञानासाठी त्यांनी घर सोडले आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केला. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ग्रंथसंपादनासाठी बोलावले. १९१८ साली ते अमेरिकेला गेले, तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांनाही त्यांनी बरोबर नेले. परक्या देशात, परक्या भाषेत दामोदरचे शालेय शिक्षण झाले. भाषेची अडचण त्याने अडचण मानली नाही. पुढील आयुष्यात त्यांना अनेक भाषा चांगल्या अवगत झाल्या.

१९२९ साली कोसंबी हार्वर्ड विद्यापीठातून उच्च श्रेणीत पदवीधर झाले. तेथे राहून सुखाने नोकरी करणे अवघड नव्हते. पण ते भारतात परतले. प्रथम त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवले. मग १९३१ साली ते अलिगढ मुस्लीम विद्यापीठात गेले. त्या वेळी सर सय्यद अहमद खान यांचे नातू सर रॉस मसूद हे तेथील कुलगुरू होते. त्यांनी आंद्रे वेल या फ्रान्सच्या तरुण गणितज्ञाला गणित विभागाचे काम सोपवले होते. वेल यांनी कोसंबींना बोलावून घेतले. हेच वेल पुढे जगातील थोर गणितज्ञांपैकी एक ठरले. अलिगढच्या त्या दोन वर्षांत कोसंबी यांच्या संशोधनाला बहर आला.

१९३३ साली कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. पुण्यात असतानाच ते संख्याशास्त्राकडे वळले. पुस्तकातले संख्याशास्त्र नुसते वाचून त्यांचे समाधान होईना. ते प्रत्यक्ष वस्तूंवर वापरून पाहावे, असे त्यांना वाटू लागले. त्यासाठी त्यांनी जी वस्तू निवडली, ती होती नाणे.

नाणे हातोहात फिरते आणि फिरता फिरता झिजते. एखादे नाणे किती झिजेल, हे योगायोगावर अवलंबून असते. कोणते नाणे पेटीत पडून राहते, तर कोणते रोज दहा हातांतून जाते. म्हणून एका नाण्यावरून काहीच सांगता येत नाही. पण एकाच काळात पाडलेली शेकडो नाणी तोलली, तर दोन गोष्टी दिसतात. नाणी जितकी जास्त वापरली गेली असतील, तितके त्यांचे सरासरी वजन कमी होते. शिवाय नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. कोसंबींनी तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या प्राचीन नाण्यांचा या दृष्टीने अभ्यास केला. त्यांनी स्वतः हजारो नाणी काळजीपूर्वक तोलली. ज्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही, त्यांचा आधीचा आणि नंतरचा क्रम त्यांनी वजनावरून लावला. सोनार तराजूने पैसे मिळवतो. कोसंबींनी तराजूने इतिहास मिळवला.

१९४४ साली त्यांनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. आईवडिलांचे गुण मुलांत कसे उतरतात, यातही योगायोगाचा भाग असतो. गुणांचे वाहक म्हणजे जनुके. दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढण्याचे एक सूत्र कोसंबींनी मांडले. हे सूत्र जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पिकांच्या जातींवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ आजही ते वापरतात.

१९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक होमी भाभा यांनी कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबींनी पुण्याचे घर मात्र सोडले नाही. ते डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जात आणि संध्याकाळी परतत. गाडीतला वेळही ते वाचनात आणि लेखनात घालवत.

याच काळात त्यांचे लक्ष पत्त्यांकडे गेले. ते खेळायला बसले नाहीत, तर त्यांनी पत्ते तपासले. त्याचे कारण असे घडले. अमेरिकेत जोसेफ ऱ्हाईन नावाचे एक प्राध्यापक होते. काही माणसांना न पाहता दुसऱ्याच्या हातातला पत्ता ओळखता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी २५ पत्त्यांचा एक खास जोड वापरला. त्यात पाच चिन्हे होती आणि प्रत्येक चिन्हाचे पाच पत्ते होते. नुसत्या अंदाजाने सांगितले, तरी २५ पैकी सरासरी ५ पत्ते बरोबर येतात. कोणाचे ५ पेक्षा जास्त पत्ते वारंवार बरोबर आले, तर त्याच्याकडे काही गूढ शक्ती आहे, असा निष्कर्ष काढला जाई.

कोसंबींनी एक साधा प्रश्न विचारला. पत्ते नीट पिसले होते का? पिसल्यानंतरही आधीच्या क्रमाचा काही अंश गड्डीत उरला असेल, तर सगळे गणितच चुकते. मग जास्त उत्तरे बरोबर आली, तर ती गूढ शक्ती नसून अर्धवट पिसलेल्या पत्त्यांची करामत असू शकते. पत्ते पिसल्याने क्रम कितपत मोडतो, याचा त्यांनी अभ्यास केला. राव या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला त्यांचा हा लेख १९५८ साली इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे १९९२ साली अमेरिकेतील दोन गणितज्ञांनी याच प्रश्नाचा वेगळ्या रीतीने विचार केला. जोडाचे दोन भाग करून ते एकात एक मिसळण्याची जी रीत आहे, त्या रीतीने ५२ पत्ते सुमारे सात वेळा पिसावे लागतात, असे त्यांनी दाखवून दिले. आपण मात्र दोन-तीनदा पिसतो आणि पत्ते वाटू लागतो.

या अभ्यासातून एक मोठी गोष्ट लक्षात येते. नीट पिसलेल्या पत्त्यांना आठवण नसते. मागच्या डावात कोण हरला, कोण जिंकला, हे त्यांना ठाऊक नसते. चार डाव हरलेल्या माणसाला वाटते की आता पाचवा डाव आपलाच. पण पत्ते त्याच्यावर दया करत नाहीत आणि रागही धरत नाहीत. ही एक चुकीची समजूत आजवर कितीतरी घरांना कर्जात बुडवून गेली आहे.

हे गणित किती जुने आहे, तेही पाहू. सोळाव्या शतकात इटलीत कार्डानो नावाचा एक वैद्य होता. तो गणितीही होता आणि जुगारीही होता. फाशांचे दान कसे पडते, याचा हिशेब त्याने एका पुस्तकात मांडला. १६५४ साली फ्रान्समधील पास्कल आणि फेर्मा या दोन गणितज्ञांनी एकमेकांना पत्रे लिहिली. खेळ अर्धवट मोडला तर मधले पैसे कसे वाटावेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्या पत्रांतून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

आता हे शास्त्र पत्त्यांच्या एका पैजेला लावून पाहू. पोकर नावाच्या खेळाच्या एका प्रकारात प्रत्येकाला पाच पत्ते मिळतात. समजा, एका खेळाडूजवळ चार पत्ते बदामाचे आहेत आणि पाचवा किलवरचा आहे. किलवर टाकून त्याला एक नवा पत्ता घेता येतो. तो बदामाचा निघाला तर त्याचा डाव जिंकला, नाहीतर हरला, असे धरू. मध्ये ४०० रुपये जमले आहेत. खेळात राहायचे तर त्याला आणखी १०० रुपये टाकावे लागतील. त्याने ते टाकावेत का?

जुगारी येथे मनाचा कौल घेतो. गणिती पत्ते मोजतो. एकूण पत्ते ५२. त्यांपैकी ५ त्याने पाहिले, ४७ पाहिलेले नाहीत. बदामाचे पत्ते १३. त्यांपैकी ४ त्याच्या हातात आहेत, म्हणून ९ बाहेर आहेत. म्हणजे ४७ पैकी ९ पत्ते त्याच्या कामाचे आहेत. असा प्रसंग १०० वेळा आला, तर तो सुमारे १९ वेळा जिंकेल आणि ८१ वेळा हरेल. १९ वेळा ४०० रुपये मिळाले, तर झाले ७,६०० रुपये. ८१ वेळा १०० रुपये गेले, तर झाले ८,१०० रुपये. शेवटी ५०० रुपयांचा तोटाच झाला. मध्ये ४०० च्या ऐवजी ५०० रुपये असते, तर १९ वेळा मिळून ९,५०० रुपये आले असते आणि तोट्याऐवजी १,४०० रुपयांचा फायदा झाला असता. पत्ते तेच, पण उत्तर बदलले. म्हणून शहाणा माणूस जिंकण्याची आशा किती आहे एवढेच पाहत नाही. किती द्यायचे आणि किती मिळायचे, तेही पाहतो.

मग ज्याला हिशेब येतो, त्याने पैसे लावून खेळावे का? येथे दुसरा हिशेब पुढे येतो. मोबाइलवर पैशाचा खेळ चालवणारी कंपनी प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेते. समजा, सारख्याच हुशारीचे पाच जण प्रत्येकी १०० रुपये लावून खेळत आहेत. जमलेल्या ५०० रुपयांतून कंपनी २५ रुपये ठेवते. उरलेले ४७५ रुपये पाच जणांत फिरतात. म्हणजे प्रत्येकाचे एका डावात सरासरी ५ रुपये जातात. वीस डाव झाले की १०० रुपये गेले. कोणी मध्येच जिंकतो आणि त्याचीच सगळीकडे चर्चा होते. पण पाचही जणांची बेरीज केली, तर ती नेहमी उणीच येते. शिवाय खेळणाऱ्याच्या खिशाला तळ असतो. चार-सहा डाव सलग हरले की तो रिकामा होतो. मग उसने पैसे येतात, आईचे दागिने येतात, आणि शेवटी कर्ज येते. मोबाइलच्या खेळात पत्ते कोण पिसते, कसे पिसते, हेही आपल्याला दिसत नाही. कोसंबींनी विचारलेला प्रश्न तेथे विचारायची सोयच नसते.

आपल्या वऱ्हाडच्या कापसाचाही अशा एका जुगाराशी संबंध आला होता. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावाने उघडला आणि कोणत्या भावाने बंद झाला, यावर मुंबईत लोक पैसे लावत. त्यातूनच आकडा आणि पुढे मटका सुरू झाला. शेतकऱ्याने घाम गाळून कापूस पिकवला आणि शहरात त्याच्या भावाच्या आकड्यावर संसार उधळले गेले. शून्य ते नऊ असे दहा आकडे असतात. एका रुपयाला नऊ रुपये परत मिळाले, तरी दहा रुपये लावणाऱ्याच्या हाती सरासरी नऊच येतात. दहावा रुपया खेळ चालवणाऱ्याचा. २०२५ साली भारताच्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, त्यात पैसा लावला जात असेल तर हा कायदा त्याला लागू होतो.

कोसंबी यांच्या आयुष्यातही एक मोठी बाजी आली. ती पैशांची नव्हती, कीर्तीची होती. २, ३, ५, ७, ११ अशा संख्यांना मूळ संख्या म्हणतात. त्या कशा पसरलेल्या आहेत, याविषयी १८५९ साली जर्मनीच्या रीमान यांनी एक विधान केले होते. ते सिद्ध करणे कोणालाच जमले नव्हते. कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने ते सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. १९५९ साली त्यांनी तो लेख भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पण गणितज्ञांना ती सिद्धता पटली नाही. एखादी गोष्ट फार संभवनीय आहे असे दाखवणे वेगळे आणि ती नक्की तशीच आहे हे सिद्ध करणे वेगळे. या घटनेमुळे त्यांच्या नावाला धक्का बसला. रीमान यांचे ते विधान आजही सिद्ध झालेले नाही.

अणुशक्तीच्या प्रश्नावरही कोसंबींचे मत वेगळे होते. भारताला भरपूर ऊन मिळते, तेव्हा सूर्याच्या शक्तीचा उपयोग करावा, असे ते सांगत. जगात शांतता नांदावी, यासाठीही ते झटत. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची नोकरी संपली. तिची मुदत पुन्हा वाढवली गेली नाही.

पण कोसंबी खचले नाहीत. भारताच्या इतिहासाचा त्यांचा अभ्यास चालूच होता. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. राजांच्या लढायांपेक्षा सामान्य माणसाने काय खाल्ले, काय पेरले, कोणत्या अवजारांनी काम केले, याला त्यांनी महत्त्व दिले. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांतून ते पायी हिंडत. दगडी हत्यारे गोळा करत आणि गुराख्यांशी, खेडुतांशी बोलत. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते साठ वर्षांचेही नव्हते.

कोसंबींची हिशेबाची रीत आपल्या गावातही उपयोगी पडते. मंगरूळपीर तालुक्यातील शेतकरी दरवर्षी एक बाजी लावतच असतो. बियाणे उगवेल की नाही, पाऊस टिकेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पण त्याला आपली बाजी सुधारता येते. सोयाबीनचे १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि काही दिवसांनी कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य समजतात. कमी उगवले, तर बियाणे बदलावे किंवा थोडे जास्त वापरावे. पहिल्याच सरीला भुलून न जाता ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरावे, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. ही सगळी संभाव्यताच आहे. येथे कोणी मध्ये बसून हिस्सा काढून घेत नाही आणि एकाच्या जिंकण्यासाठी दुसऱ्याला हरावे लागत नाही.

नशीब कोणाच्या मुठीत नसते. पण त्याचा हिशेब मांडता येतो. जो हा हिशेब शिकतो, त्याला कोठे पाऊल टाकावे ते समजते आणि कोठे टाकू नये तेही समजते.

स्वाध्याय

१. कोसंबींनी जुन्या नाण्यांचा क्रम कशावरून लावला?
२. न पाहता पत्ते ओळखण्याच्या प्रयोगाबद्दल कोसंबींनी कोणता प्रश्न विचारला? तो का महत्त्वाचा होता?
३. पाठातील पोकरच्या उदाहरणात मध्ये ३०० रुपये असते, तर १०० वेळांत किती तोटा झाला असता, ते काढा.
४. घरी १०० दाण्यांची उगवण तपासा आणि काय आढळले ते पाच ओळींत मराठीत लिहा.